नदीचा पडदा

बीड,
१८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप राधाकिशनमामा,

साष्टांग नमस्कार. मी वैष्णवी. तुमची मावसबहीण सावित्री, शिरूर कासारला दिलेली, तिची धाकटी मुलगी. गहिनीनाथदादाच्या लग्नात तुम्ही मला मांडवाच्या खांबावर खडूनं मोर काढून दिला होता. मी तेव्हा आठ वर्षांची होते. आता बीडच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, आणि शाळा सुटली की नाटकाच्या तालमीला पळते.

पत्र लिहितेय त्याला कारण आहे. इथलं जुनं नाट्यगृह दुरुस्त होऊन पुन्हा उघडलंय. मागची खोली झाडताना आम्हाला बांबूला गुंडाळलेला एक पडदा सापडला. तो रंगमंचावर उलगडला. वीस फूट रुंद नदी! काठाला वड, पाण्यात डुंबणारी म्हैस, दगडावर धुणं आपटणारी बाई. रंग कुठंकुठं उडालाय, पण पाणी अजून हलतंय असं वाटतं. डाव्या कोपऱ्यात नाव: 'राधाकिशन पेंटर, तेलगाव, १९८६'. मी घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, हा तर आपला राधाकिशन!"

जानेवारीच्या शेवटी गावातल्या सगळ्या कला मंडळांनी मिळून सात दिवसांचा उत्सव ठेवलाय. शाहिरी आहे, मुशायरा आहे, शिरूरच्या भिमाबाईंची गायन पार्टी येणार आहे, शाळकरी मुलांचं चित्रप्रदर्शन आहे. रविवारी आमचं नाटक. ते नदीकाठीच घडतं. आमचे दिग्दर्शक तानाजी सर म्हणतात, पडदा लावायचा तर हाच. आणि पहिला सत्कार तुमचा.

पडद्याचा खालचा उजवा कोपरा मात्र उंदरांनी खाल्लाय. तुम्ही येऊन नीट कराल का? आणि एक विचारते. पाण्यात जागोजागी बारीक अर्धगोल रेघा आहेत, रंग ओला असताना उमटल्यासारख्या. त्यानंच पाणी हलतं. ते कसं केलंत?

आई म्हणाली, त्याला फोन करू नकोस, तो उचलत नाही. पत्र लिही, लगेच उत्तर येईल. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
वैष्णवी

*

तेलगाव,
२७ नोव्हेंबर २०२४

चि. वैष्णवी,

तुला आणि सावित्रीला आशीर्वाद. पत्र तीनदा वाचलं. सावित्रीनं बरोबर सांगितलं. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या लिहिल्या, त्यामुळं अक्षर लिहायला मिळालं की माझा हात खूश होतो. मोबाइलवर बोट फिरवायचं म्हणजे लिहिणं न्हवं. आता सगळ्या गावाच्या पाट्या मशिनीवर छापून येतात. माझे ब्रश एका डब्यात उभे हायेत.

तो पडदा अजून हाय! बीडच्या एका नाटकमंडळानं नेलता. मला वाटलं, कवाच फाटून गेला असंल. त्या टायमाला जत्रेची नाटकं लई जोरात होती. दरबार पडदा, जंगल पडदा, रस्ता पडदा, नदी पडदा. मांजरपाटाचे पट्टे शिवून एवढं मोठं कापड करायचं, खळ्यावर अंथरायचं, चुलीवर सरस, म्हंजे जनावराच्या कातड्याचा डिंक, शिजवायचा आणि त्यात पुडीचे रंग कालवायचे. सरसाचा वास असा, की शेजारचा बाळू जेवणाचं ताट घेऊन लांब पळायचा.

माझं नाव अजून कोणाच्या ध्यानात हाय, सत्कार करावा वाटतो, हे वाचून ऊर भरून आला. येईन म्हणतो. कोपऱ्याचं बघू.

पाण्यातल्या रेघांचं विचारून कळवतो.

मामी बरी हाय. शेळ्या, गोधड्या, तिचं तिचं चालू असतं.

तुझा मामा,
राधाकिशन

*

बीड,
५ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

तुमचं अक्षर मी शाळेत फळ्यावर लावलं. मुलांना म्हटलं, हे छापलेलं नाही, हातानं लिहिलेलं आहे. मुलांना खरंच वाटेना.

आनंदाची बातमी: मागच्या खोलीत तुमचा आणखी एक पडदा निघाला. दरबाराचा. खांब, कमानी, झुंबरं, सगळं दोरी मारून आखल्यासारखं सरळ. आम्ही दोन्ही पडदे शेजारी अंथरले. मामा, रागावू नका, पण ते दोन वेगळ्या माणसांचे वाटतात. दरबारात एक रेघ वाकडी नाही आणि नदीत एक रेघ सरळ नाही. तानाजी सर म्हणाले, "चांगल्या पेंटरला दोन हात असतात, वैष्णवी." असेलही.

आणि तुम्ही लिहिलंय, 'विचारून कळवतो'. कोणाला विचारून? तुमच्या हाताखाली कुणी होतं का तेव्हा? असेल तर त्यांनाही बोलावू.

निमंत्रणपत्रिका छापायला द्यायची आहे. 'नदीच्या पडद्याचे चित्रकार श्री. राधाकिशन यांचा सत्कार' असं घालतोय. तुमचा एक फोटो पाठवा.

वैष्णवी

*

तेलगाव,
१२ डिसेंबर २०२४

चि. वैष्णवी,

सत्कार ठेवू नको. पत्रिकेत नाव घालू नको. माझी तब्येत ठीक न्हाई आणि प्रवास झेपत न्हाई. पडदा तुमचाच हाय, लावा. कोपऱ्याला आतून ठिगळ लावलं तरी चालंल.

फोटो पाठवत न्हाई.

राधाकिशन

*

बीड,
१८ डिसेंबर २०२४

मामा,

तुमचं चार ओळींचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. चूक माझीच. 'दोन वेगळ्या माणसांचे वाटतात' असं मी लिहायला नको होतं. आईनं मला चांगलंच फैलावर घेतलं. "इतक्या वर्षांनी त्याची कुणीतरी आठवण काढली आणि तू त्याच्या कामात खोट काढतेस?" मला खोट काढायची नव्हती. मला ती नदी इतकी आवडली की मी तिच्याकडे बघतच राहते, आणि बघितलं की प्रश्न पडतात.

पत्रिका थांबवली आहे. तानाजी सर कुरकुरतायत, पण थांबलेत.

रविवारी, एकोणतीस तारखेला, मी तेलगावला येतेय. पाया पडून माफी मागते. तुम्ही नको म्हणालात तरी येणार आहे.

वैष्णवी

*

तेलगाव,
२२ डिसेंबर २०२४

चि. वैष्णवी,

येण्याआधी हे वाच. तू आलीस की मला बोलता येणार न्हाई. लिहिणं जमतं.

तुझी काही चूक न्हाई. तुझे डोळे बरोबर हायेत. पडदे दोन माणसांचेच हायेत. दरबार माझा. नदी तुझ्या मामीची.

आमचं लग्न ब्याऐंशीला झालं. दोन वर्षांनी जत्रेच्या जंगल पडद्याचं काम घेतलं आणि मी टायफॉइडनं आडवा झालो. आठ दिवस राहिलेले. कापड खळ्यावर नुसत्या रेघा आखून पडलेलं. मंजुळा म्हणाली, "झाडं मी काढू का?" मी तापात होतो, हो म्हणलं. चौथ्या दिवशी भिंतीला धरून खळ्यावर गेलो आणि तिथंच बसलो. माझ्या झाडांची पानं मी मोजून काढायचो. तिच्या झाडांतून वारा गेलता.

जत्रेत लोकांनी पडद्याचं लई कौतुक केलं. तिथून पुढं जो माणूस यायचा तो म्हणायचा, "झाडं, पाणी, जनावरं पाहिजेत, मागल्यासारखी." खांब, कमानी अन् अक्षरं माझी. हिरवं आणि वलं जे काही हाय ते तिचं. नाव माझं. आमच्या आईनं तिला बजावलं होतं, बाईनं पडदा रंगवला हे भाईर कळलं तर गाव नवऱ्याला हसंल. मीही गप बसलो. पहिल्यांदा लाजून बसलो, मग सवय झाली. सवय झाली हेच जास्त वाईट हाय.

तुझं पहिलं पत्र आलं ते मी तिला दाखवलं न्हाई. सत्कार म्हणलं की मला भुरळ पडली. 'विचारून कळवतो' असं लिहून गेलो खरा, पण विचारायची हिंमत झाली न्हाई. तुझं दुसरं पत्र तिच्याच हातात पडलं, मग तिनं पहिलंबी मागून घेतलं. चौथीपर्यंत शिकलेली हाय, सगळं वाचती. मला वाटलं, आता खफा होईल. ती म्हणाली, "रेघा बांगड्यांच्या हायेत. पाणी मी ब्रशनं न्हाई, हातानं काढलं, सारवल्यावानी. बांगड्या टेकायच्या. पोरीला कळवा."

मी म्हणलं, "मग तुझं नावच कळवतो."

तवा मात्र ती भडकली. "कावून? म्हातारपणी लोकांनी तुमाला हसावं म्हणून? अजाबात न्हाई."

म्हणून मी तसं तोडून लिहिलं.

आजून एक गोष्ट हाय, ती मला या महिन्यात उमगली. तिनं तिचा एकबी पडदा उभा बघितला न्हाई. खळ्यावर आडवा रंगवायचा, वाळला की गुंडाळायचा, बैलगाडीत टाकायचा. नाटकं परगावी, आणि घरच्या बायांना तिकडं कोण नेणार. मी सगळे बघितले, टाळ्या ऐकल्या, घरी येऊन तिला सांगितलं, आणि तेवढ्यात भागलं असं समजलो.

आता तू रविवारी ये. पण तिच्यापुढं हा विषय तूच काढ. मला घरात राहायचं हाय.

मामा

*

बीड,
२ जानेवारी २०२५

प्रिय मंजुळामामी,

हे पत्र मुद्दाम तुमच्या नावानं लिहितेय. मामांनी वाचलं तरी उत्तर तुम्हीच द्यायचं.

रविवारी तुम्ही मला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरणफळं एवढं वाढलंत की मला तोंड उघडायला जागाच राहिली नाही. मला आता कळलं, ती तुमची युक्ती होती. मी पडद्याचं नाव काढलं की ताटात आणखी एक भाकरी! शेवटी मी मोबाइलवर नदीचा फोटो काढून तुमच्यापुढं धरला. तुम्ही हात पुसलेत, बराच वेळ बघितलंत आणि एवढंच म्हणालात, "म्हशीचं डावं शिंग वाकडं झालंय." मग शेळ्यांना पाणी दाखवायला निघून गेलात. परत आलात तेव्हा तुमचे डोळे लाल होते. 

मामी, लोक हसतील असं तुम्हाला वाटतं. मी काल सगळ्या मंडळाला खरं ते सांगितलं. मला माफ करा, राहवलं नाही. कोण हसलं ते ऐका. कोणीच नाही. आमच्या नाटकात काम करणारी चैताली, वीस वर्षांची आहे, ती पडद्यापाशी जाऊन बसली आणि त्या बांगड्यांच्या रेघांवर बोट फिरवत राहिली. तानाजी सर आधी अडून बसले. "कोपऱ्यात नाव राधाकिशनचं, आपण पत्रिकेत दुसरं कसं छापायचं?" मी मामांचं पत्र त्यांच्या हातात दिलं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "नाव बाई सांगतील तसं."

तर सांगा. कोपरा तुमच्या हाताचा आहे, तो दुसऱ्या कुणी कसा जोडायचा? याल का?

तुमची,
वैष्णवी

*

तेलगाव
९ जानेवारी

वैष्णवी बाळा,

मला पत्र लिवायची सवं न्हाई. चुकलं तर मनात धरू नको.

तू समद्यांना सांगून बसलीस. आता काय करती! तीन दिस मी तुझ्यावर चिडून व्हते. चवथ्या दिवशी शेळ्या घेऊन गेले तर कापसाच्या रानात पाण्याचा पाट चालू व्हता. त्याच्याकडं बघत बसले. शेळ्या दुसऱ्याच्या रानात गेल्या, शिव्या खाल्ल्या. मग म्हणलं, जावंच.

पण माझ्या अटी हायेत.

सत्कार नको. शाल मला उकडती. रंग पुडीचेच पाहिजेत, डब्यातला चमकता रंग आणशील तर मी माघारी फिरंन. सरस तुझे मामा शिजवतील, त्यांना येतो. काम करताना माझ्या मागं कोणी उभं राहायचं न्हाई. मोबाइल तर अजाबात न्हाई. ती चैताली म्हणतीस ती पोरगी जवळ बसली तर चालंल.

नावाचं मला काय सुचत न्हाई. तुझे मामा रोज सकाळी उठून म्हणतेत, तुझं नाव, तुझं नाव. माझी नाव घालायला ना न्हाई. पण त्यांचं खोडायचं न्हाई. कापड त्यांनी शिवलं, बांबू त्यांनी आणला, टायफॉइड त्यांनाच झालता.

मंजुळा

*

बीड,
२९ जानेवारी २०२५

प्रिय मामी आणि मामा,

तुम्ही सोमवारी सकाळच्या गाडीनं गेलात आणि मला नीट निरोपही देता आला नाही. उत्सव उद्या संपतो. काल मुशायऱ्याला बसायला जागा नव्हती. लोक दारात उभे राहून वाहवा करत होते. भिमाबाईंच्या पार्टीनं तर पहिल्याच रात्री सभागृह असं पेटवलं की खुर्च्यांवर कोणी बसेना. पण मामी, बाजारात, शाळेत, जिथं जाते तिथं लोक तुमच्या नदीचं विचारतात.

दुरुस्तीचे ते चार दिवस मी कधी विसरणार नाही. बंद दाराआडून फक्त तुमचा आणि चैतालीचा हसण्याचा आवाज यायचा, आणि मामांच्या सरसाचा वास. तानाजी सर नाकाला रुमाल लावून फिरत होते. शेवटच्या दिवशी मामांनी कोपऱ्यात स्वतःच्या नावाच्या वर, त्याच्या दुप्पट अक्षरात 'मंजुळा' लिहिलं. तुम्ही म्हणालात, "एवढं मोठं? पुसा ते." मामा म्हणाले, "वाळलं." रंग अजून ओला होता, मामी. मी बघितलं.

आणि तुम्ही लगेच निघालात! शेळ्यांचं कारण सांगून. पडदा जमिनीवरच वाळत होता. रविवारी तरी तुम्ही येता की नाही, या धास्तीनं मला दोन रात्री झोप नव्हती.

आता माझं एक मागणं आहे. रविवारी दर्शनी पडद्याची दोरी माझ्या हातात होती. मी विंगेत, आत. पडदा वर गेला, मागची नदी दिसली, टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. आमचे नट आत ताटकळत उभे. पण समोर काय झालं ते मला दिसलं नाही. नंतर गर्दीत तुम्ही फक्त माझ्या गालावरून हात फिरवलात. मामी, तुम्ही तिसऱ्या रांगेत होता. मला सांगाल का, काय झालं?

वैष्णवी

*

तेलगाव
६ फेब्रुवारी

वैष्णवी बाळा,

तुझं पत्र आलं तवापासून रोज लिवीन लिवीन म्हणते. आज शेळ्या लवकर बांधल्या आणि बसले.

खरं सांगायचं तर मी येणार न्हवते. गाडीत बसायच्या टायमाला पाय मागं घेतला. भ्या वाटत व्हतं. जमिनीवर चांगलं दिसलेलं उभं केल्यावर कसं दिसंल? चाळीस वर्षं लोक चांगलं म्हणले ते ह्यांना म्हणले. मी काय ऐकलेलं न्हाई. मला वाटलं, न बघितलेलंच बरं. तर तुझे मामा म्हणाले, "मी तुझ्या वाटणीच्या टाळ्या लई ऐकल्या. आता मला ते वझं झेपत न्हाई. चल." आसं ते कधी बोलत न्हाईत. मग बसले.

थेटरात अंधार झाला. मी ह्यांचा हात धरला. धरला म्हणजे दाबलाच, ते म्हणतेत अजून दुखतंय.

म्होरला पडदा वर गेला आणि उजेड पडला. बाळा, मी ती नदी वरून बघितलेली. उकिडवं बसून, गुडघ्याखाली कापड, आज हा तुकडा, उद्या तो. घारीनं बघावं तशी. ती कधी माझ्यासमोर उभी न्हवती. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या काठावर आले. वड माझ्यापरीस उंच झाला. पाणी लांब पार मागं गेलं. तेवढं लांब जातंय हे मला ठावं न्हवतं. धुणं धुणारी बाई माझ्याकडं पाठ करून बसली व्हती. मला वाटलं, हाक मारावी.

रडले म्हणशील तर न्हाई. मला हसू फुटलं. तोंडाला पदर लावला तरी थांबंना. शेजारची बाई बघाय लागली. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. मला कळंना कशाला वाजवतेत, नाटक तर सुरूच झालेलं न्हाई. मग तुमचे तानाजी सर माइकवर आले आणि माझं नाव घेतलं. नुसतं नाव. कोणाची बायको, कोणाची आई, काय न्हाई. मी उठले. हात कुठं ठेवावं ते कळंना म्हणून जोडले. आणि ह्या माणसानं, सहासष्ट वर्षाच्या, दोन बोटं तोंडात घालून आशी शिट्टी मारली की पुढच्या दोन रांगा मागं वळल्या! मी म्हणलं, "आवो, खाली बसा." तर म्हणतेत, "जत्रेत रोज मारायचो. तुला ऐकू आली न्हाई."

नाटक चांगलं व्हतं म्हणतेत लोक. मला ध्यानात न्हाई. मी पाण्याकडंच बघत व्हते. म्हशीचं शिंग मात्र खरंच वाकडं हाय. दुरुस्त करताना राहून गेलं. लोकांना सांगू नको.

आता नवीन ऐक. परवा धर्मापुरीची माणसं आलती. त्यांची पोरं नाटक बसवतेत, त्यांना त्यांच्या जुन्या देवळाचा पडदा पाहिजे. बीडला बघून गेलती. ह्यांनी सवयीनं कागद पेन्सिल काढली, तर त्यातला म्होरक्या म्हणाला, "मामा, आमी मामीकडं आलोय." तुझ्या मामांचं तोंड बघायला पाहिजे व्हतंस. आसे खूश झाले जसं त्यांनाच काम मिळालं.

ते म्हणाले, देवळाचा फोटो पाठवतो. मी म्हणलं, फोटो नको. आजवर न बघितलेली लई रानं काढली. आता आधी डोळ्यानं बघणार, त्याच्यासमोर उभी राहून, मग काढणार. खांब ह्यांच्याकडं, झाडं माझ्याकडं.

तर उद्या सकाळच्या एस.टी.नं आमी दोघं धर्मापुरीला निघालोय. शेळ्या बाळूकडं दिल्यात. भाकरी बांधल्यात. तुझे मामा आतापासून खिडकीची जागा मागतेत. मी म्हणलं, खिडकी माझी.

मंजुळामामी